शरदऋतूतील गोठा व जनावरांचे अंथरूण

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले व बाजरीची कणसे खळ्यावर आली, म्हणजे शेतकऱ्याचे सर्व लक्ष पिकाकडे लागते. घरची माणसे शेतात, बैल कामावर, आणि गोठा मात्र चार महिन्यांच्या चिखलासह जसाच्या तसा, असा प्रकार पुष्कळ गावी दृष्टीस पडतो. दिवाळीपूर्वी घराच्या भिंती सारवल्या जातात, उंबरठा स्वच्छ होतो. परंतु ज्या जनावरांच्या कष्टावर ते घर चालते त्यांच्या जागेकडे कोणी वळून पाहत नाही. यास्तव ह्या पाठात आम्ही दोन गोष्टींचा विचार करणार आहो. पहिली, शरदऋतूत गोठा कसा तयार करावा. आणि दुसरी, पेंढा, काड व चघळ ह्यांचे अंथरूण घालून जनावरांचे आरोग्य व शेताचे खत ही दोन्ही कशी साधावी.

इंग्लंडासारख्या थंड देशांत शरदऋतूत जनावरे कुरणातून आणून गोठ्यात बांधतात, ती पुष्कळ ठिकाणी वसंतऋतूपर्यंत तेथेच राहतात. त्यामुळे तिकडे जाड पेंढ्याचे अंथरूण घालण्याची रीत फार जुनी आहे. आपल्या दख्खनात तशी थंडी नाही, आणि जनावर दिवसा बाहेर असते, म्हणून कित्येक म्हणतात, “जनावरास अंथरूण कशाला? त्याला देवाने कातडे दिले आहे.” हे बोलणे वरवर खरे वाटते. परंतु आपल्याकडे अंथरुणाचे मुख्य काम थंडी वारणे हे नसून ओल शोषणे हे आहे. कोरड्या अंगाचे जनावर आपल्याकडील थंडी सहज सोसते. पण ओल्या जमिनीवर बसून ज्याचे केस भिजले त्याची ऊब त्या ओलीबरोबर निघून जाते. ही गोष्ट ध्यानात धरली म्हणजे पुढील सर्व पाठ समजण्यास सोपा जाईल.

१. गोठ्याची तयारी

पाऊस उघडल्यावर चार-आठ दिवस कडक ऊन पडले की गोठा एकदा पूर्ण रिकामा करावा. पावसाळ्यात जमीन शेण-मुताने भिजून काळी व मऊ झालेली असते. तिचा वरचा सहा इंच थर खणून काढावा. ही माती फेकून देऊ नये. ती उत्तम खत आहे, तिचा उपयोग पुढे सांगू. खणलेल्या जागी कोरडा मुरूम अथवा शेतातील कोरडी माती घालून पाणी शिंपडावे व धुमसाने ठोकून ती पक्की करावी. गव्हाणीचे कोपरे, खुंट्यांच्या बुडाच्या भेगा व भिंतीतील फटी खरवडून काढाव्या, कारण गोचीड आपली अंडी अशाच जागी घालते. फटी लिंपून भिंतीस चुन्याची सफेदी द्यावी.

जमिनीस उतार हवा. तो गव्हाणीपासून मागच्या बाजूस असावा, व दर ४० इंचांस १ इंच इतका पुरे. जनावराची उभे राहण्याची जागा सुमारे पाच फूट लांब धरली, तर तिच्या दोन टोकांत दीड इंचाचा फरक पडतो. ह्याहून अधिक उतार दिल्यास जनावराचे पाय घसरतात आणि गाभण गाईस त्रास होतो. उताराच्या शेवटी एक फूट रुंदीची उथळ नाली काढावी व तिचे तोंड एखाद्या लहान खड्ड्यात सोडावे. एका गाईस पाच ते साडेपाच फूट लांब व साडेतीन ते चार फूट रुंद जागा लागते. म्हशीस व मोठ्या बैलास ह्याहून थोडी अधिक. दाटीने बांधलेली जनावरे एकमेकांच्या शेणात बसतात, व मग कितीही अंथरूण घातले तरी ते पुरत नाही.

वाऱ्याचाही विचार केला पाहिजे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूस आपण तट्टे किंवा पाचटाचा कूड बांधतो. शरदात वारा फिरतो व पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहू लागतो. कूड मात्र पुष्कळांच्या गोठ्यात जुन्याच बाजूस राहतो! आता पश्चिमेकडील आडोसा सोडावा आणि ईशान्येस जनावराच्या पाठीइतक्या उंचीचा आडोसा करावा. वरचा भाग उघडा ठेवावा, म्हणजे दमट हवा छपराखालून निघून जाईल. थंडीच्या भीतीने गोठा चारी बाजूंनी बंद करणे ही मोठी चूक होय. बंद गोठ्यात जनावरांचा श्वास, मुताचा दर्प व ओल ही सर्व आतच कोंडतात, आणि वासरांस खोकला लागतो. पहाटे गोठ्यात शिरताच ज्याच्या डोळ्यांस झोंबते, त्याने असे समजावे की, आपली जनावरे रात्रभर त्याच हवेत श्वास घेत होती. पूर्वेचे कोवळे ऊन जमिनीवर येईल इतकी जागा मोकळी ठेवल्यास सूर्य आपले निम्मे काम फुकट करतो.

२. अंथरुणास काय घ्यावे

येथे पहिला नियम असा की, जे जनावर खाऊ शकते ते त्याच्या पोटात जावे, पायाखाली नव्हे. नगर, सोलापूर, बीड ह्यांसारख्या अवर्षणाच्या मुलखात ज्वारीचा कडबा हे धनच आहे. तो अंथरुणास घालणे म्हणजे चाऱ्याची नासाडी. परंतु कडबा खाऊन झाल्यावर गव्हाणीत जी जाड बुडखे व चघळ उरते, ती रोज बाहेर फेकली जाते किंवा चुलीत जाते. ती वाळवून ठेवली तर तीच अंथरुणास येते. बाजरीच्या सरमाडाची चघळ, गव्हाचे काड, तुरीच्या शेंगांची फोलकटे, भुईमुगाची कोरडी टरफले, उसाचे पाचट, झाडांचा पालापाचोळा, वाळलेले कुसळी गवत, ही सर्व ह्या कामी उपयोगी आहेत. मावळात, कोकणात व भंडारा-गोंदियाकडे भाताचा पेंढा मुबलक होतो. विदर्भात त्यास तणस म्हणतात. तेथेही स्वच्छ व वाळलेला पेंढा चाऱ्यासाठी राखावा, आणि खाली पडलेला, तुडवलेला अथवा जुना पेंढा अंथरुणास घ्यावा.

हल्ली यंत्राने गहू कापला जातो तेव्हा काड शेतातच विखुरलेले राहते, व पुष्कळ शेतकरी ते पेटवून देतात. ऊसतोडीनंतर पाचटाचीही कित्येक ठिकाणी हीच गत होते. ज्याच्या घरी काडाची एक काडी नाही अशा भूमिहीन माणसाने शेजारच्या शेतकऱ्यास आधी सांगून ठेवावे, म्हणजे जे जळून जाणार ते त्यास चार पाट्या उचलून आणता येईल. पाचटाच्या कडा धारदार असतात, म्हणून ते कोयत्याने वीतभर तुकडे करून घालावे. काडही तोडून घातल्यास अधिक ओल शोषते.

आता काय घेऊ नये तेही सांगतो. बुरशी लागलेले काड, मग ते कितीही फुकट मिळो, गोठ्यात आणू नये. जनावर अंथरूण हुंगते व थोडेफार खातेच. आणि बुरशीची धूळ झाडणाऱ्या माणसाच्याही छातीत जाते. भाताच्या बुरसटलेल्या पेंढ्यापासून जनावरांची शेपटी, कानांची टोके व खूर सडतात असा एक रोग आहे. पंजाबातील देग नाल्याच्या काठच्या प्रदेशात, जो आता पाकिस्तानात आहे, तो प्रथम वर्णिला गेला, म्हणून त्यास देगनाला रोग असे नाव पडले. भात पिकवणाऱ्या मुलखात थंडीच्या दिवसांत म्हशींस तो विशेषेकरून होतो. तसेच गाजरगवत अंथरुणास कधीही घालू नये. हे तण १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आले व नंतर देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने माणसांच्या व जनावरांच्या कातडीस खाज व चट्टे येतात.

३. अंथरूण कसे घालावे

ठोकलेल्या जमिनीवर प्रथम दोन बोटे जाडीचा कोरड्या मातीचा थर द्यावा, आणि त्यावर काड पसरावे. काड आपल्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतके पाणी शोषते. केवळ काडावर भिस्त ठेवली, तर मोठ्या जनावरास रोज दोन-तीन किलो काड लागेल, व इतके गरीब मनुष्य आणणार कोठून? परंतु खाली माती असली म्हणजे उरलेली ओल ती धरते, व एक-दीड किलो काडात भागते. काड जनावराच्या पुढच्या पायांजवळ थोडे व मागच्या भागी अधिक घालावे. कारण ओल मागेच होते, आणि गाईची कासही तेथेच टेकते.

रोज सकाळी तीन कामे करावी. प्रथम शेण उचलावे. मग ओले काड दंताळ्याने मागे ओढून वेगळे करावे. नंतर जे कोरडे उरले असेल ते गव्हाणीच्या बाजूस सारून जमिनीस दुपारपर्यंत ऊन व वारा लागू द्यावा. सायंकाळी जनावरे परत येण्यापूर्वी तेच कोरडे काड पसरून वर नवे घालावे. अशा रीतीने कोरडे काड दोन-तीन दिवस पुरते, आणि ओले मात्र एक रात्रीहून अधिक राहत नाही. खालची माती आठवड्यातून एकदा, जेथे ती भिजली असेल तेथे बदलावी.

अंथरूण कोरडे आहे की नाही हे केवळ पाहून कळत नाही. वरचे काड कोरडे व खालचे भिजलेले असू शकते. ह्याची एक सोपी परीक्षा आहे. जेथे गाय बसते तेथे आपण गुडघे टेकावे व मनात पंचवीसपर्यंत सावकाश मोजावे. उठल्यावर धोतरावर किंवा लुगड्यावर गुडघ्यापाशी ओल लागलेली दिसली, तर ते अंथरूण बदलण्याजोगे झाले. जेथे आपणांस गुडघे टेकवत नाहीत, तेथे गाईने रात्रभर कास टेकून बसावे अशी अपेक्षा आपण कशी करावी?

४. दुभती जनावरे व वासरे

दुभती गाय दिवसरात्रीत मिळून सुमारे १० ते १२ तास बसून काढते, व बसल्यावरच ती पुष्कळसे रवंथ करते. जमीन ओली, टणक अथवा टोचणारी असली तर ती उभीच राहते. तिचे खूर बिघडतात आणि दूधही घटते. दुसरी गोष्ट कासेची. दूध काढल्यानंतर सडाचे छिद्र अर्धा ते एक तास पुरते मिटलेले नसते. ह्याच वेळी गाय घाणीत बसली तर सडातून जंतू आत शिरतात व कासदाह, ज्यास आपण दगडी म्हणतो, तो रोग होतो. ह्यावर उपाय बिनखर्ची आहे. धार काढून होताच गव्हाणीत वैरण टाकावी, म्हणजे गाय खात उभी राहील. आणि ती बसेल तेव्हा खाली कोरडे अंथरूण असावे. दगडीने एक सड गेला तर तो बहुधा कायमचा जातो. ज्या घरात एकच गाय आहे, व तिच्या दुधावर मुलांच्या शाळेच्या वह्या येतात, तेथे एक सड जाणे म्हणजे काय, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको.

वासरांची काळजी ह्याहून अधिक घ्यावी. आश्विन-कार्तिकात व पुढे जी वासरे जन्मतात त्यांच्या अंगात चरबी थोडी असते. हवा १० ते १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की नवजात वासरास केवळ अंगातील ऊब टिकवण्यासाठी शक्ती खर्च करावी लागते, आणि मग वाढीस व रोगाशी झगडण्यास ती उरत नाही. म्हणून वासराचे अंथरूण जाड हवे. वासरू बसल्यावर त्याचे पाय काडात झाकले जात असतील तर अंथरूण पुरेसे आहे. सर्व पाय उघडे दिसत असतील तर ते थोडे आहे. नाळ सुकेपर्यंत तर ओले काड क्षणभरही खाली राहू देऊ नये, कारण नाळेच्या वाटे विष आत जाऊन सांधे सुजतात व वासरू दगावते. नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे.

५. मुताचा हिशेब

आता खताकडे वळू. शेण म्हणजे खत हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु मूत म्हणजे त्याहून भारी खत हे थोडकेच जाणतात. ओल्या शेणात नत्राचे प्रमाण शेकडा सुमारे ०.३ ते ०.४ असते, गुरांच्या मुतात ते शेकडा सुमारे १ असते. पालाशही बहुतेक मुतातूनच बाहेर पडते. असे असता आपण शेण हाताने उचलतो आणि मूत जमिनीत जिरू देतो.

दोन बैल व एक गाय असलेल्या घराचा हिशेब करून पाहू. प्रत्येक जनावर दिवसरात्रीत आठ लिटर मूत टाकते असे धरले, तर त्यात सुमारे ८० ग्रॅम नत्र असते. त्यातील अर्धे रात्री गोठ्यात पडते, म्हणजे ४० ग्रॅम. तीन जनावरांचे १२० ग्रॅम. आश्विनापासून माघापर्यंतच्या १२० रात्रींत हे १४ किलो ४०० ग्रॅम होते. कितीही जपले तरी निम्मे उडून जाईल असे मानू. तरी ७ किलो उरते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते; तेव्हा तिसरा हिस्सा गोणी आपल्या गोठ्याच्या जमिनीतूनच निघाली. कोणी म्हणेल, “इतकेच ना?” इतकेच खरे, परंतु युरिया केवळ नत्र देतो. ह्या अंथरुणाबरोबर पालाश येते, स्फुरदाचा अंश येतो, आणि जमीन भुसभुशीत ठेवणारे व पावसाचे पाणी धरणारे काळे द्रव्य येते. ते कोणत्याही गोणीत भरून मिळत नाही.

मूत वाया कसे जाते हेही समजून घ्यावे. ताज्या मुतातील नत्र युरियाच्या रूपात असते. शेणातील जंतूंचा त्यास स्पर्श होताच काही तासांत त्याचा अमोनिया वायू बनतो, व तो हवेत उडतो. डोळ्यांस झोंबणारा दर्प तो हाच. म्हणजे ज्या गोठ्यात दर्प अधिक, त्या गोठ्यातून खत उडून जात आहे असे समजावे. कोरडी माती हा अमोनिया धरून ठेवते; काडात कार्बन भरपूर असल्यामुळे जे सूक्ष्म जंतू त्यावर वाढतात ते हे नत्र आपल्या शरीरात साठवतात. म्हणून माती व काड ही दोन्ही हवी. येथे एका चालीविषयी सूचना करणे अवश्य आहे. चुलीतील राख ओल्या गोठ्यात व उकिरड्यावर टाकण्याची रीत सर्वत्र आहे. राखेने जमीन कोरडी दिसते हे खरे, परंतु राख व चुना ही अमोनियास मोकळे करून उडवून लावतात. राख वेगळी साठवावी व ती थेट शेतात किंवा परसातील भाजीस घालावी.

६. गोवऱ्यांचा प्रश्न

“शेण शेतात घाला, जाळू नका,” असा उपदेश खेड्यातील लोकांस अनेकांनी अनेक वर्षे केला आहे. आम्हांस तो अर्धवट वाटतो. ज्या बाईच्या घरी सरपण नाही, किंवा गॅसची टाकी आली तरी ती पुन्हा भरण्यास पैसे नाहीत, तिने गोवरी थापली तर तिला दोष देणारे आम्ही कोण? तिच्या मुलांस भाकर भाजलीच पाहिजे. परंतु मुताची गोवरी होत नाही. ते जाळण्यास निरुपयोगी व शेतास मौल्यवान आहे. तेव्हा ज्यास शेण जाळणे भाग आहे, त्यानेदेखील मूत वाचवावे. त्यात त्याच्या चुलीचे काहीही कमी होत नाही. गरिबाच्या गोठ्यात काडाच्या अंथरुणाचे महत्त्व श्रीमंताच्या गोठ्याहून अधिक आहे, ते ह्याच कारणाने.

७. ओल्या काडाचे खत

भिजलेले काड तसेच शेतात घालू नये. काडात कार्बनाचे सुमारे ८० भागांस नत्राचा १ भाग असतो. कुजण्यास २५ ते ३० भागांस १ भाग असे प्रमाण चांगले. कच्चे काड जमिनीत गेले तर कुजवणारे जंतू जमिनीतीलच नत्र ओढून घेतात व पीक पिवळे पडते. शिवाय कच्च्या खतात हुमणी वाढते आणि तणाचे बी जिवंत राहते. शेण-मुताने भिजल्यावर काडातील नत्र वाढते व हे प्रमाण आपोआप सुधारते. म्हणून अंथरुणाचे काड हे खताचे अर्धे तयार झालेले साहित्यच होय.

ह्या विषयात इंदूर येथे झालेले काम प्रसिद्ध आहे. १९२४ ते १९३१ ह्या काळात आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी तेथील संस्थेत राहून, शेतातील टाकाऊ काड गुरांच्या पायाखाली घालून, मुताने भिजलेली गोठ्यातील माती, शेण व थोडी राख ह्यांसह ते कुजवण्याची पद्धत बसवली. यशवंत वाड हे त्या कामात त्यांचे सहकारी होते, व दोघांच्या नावे त्याविषयीचे पुस्तक १९३१ साली निघाले. पहिल्या भागात जी सहा इंच माती खणून ठेवावयास आम्ही सांगितले, तिचा उपयोग येथे आहे. आपल्याच प्रांतात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी विटांचे जाळीदार टाके बांधून खत करण्याची रीत काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. हे टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते, आणि थोड्या शेणात पुष्कळ खत होणे हा त्याचा विशेष आहे.

ज्यास टाके बांधणे जमत नाही त्याने सावलीच्या उंच जागी असा ढीग करावा : एक वीत ओले काड, त्यावर पातळ शेणकाला, त्यावर मूठ-मूठ गोठ्याची माती, असे थर कमरेइतके चढवावे व वर मातीने लिंपावे. ओल इतकी असावी की मूठभर खत पिळले असता हातास पाणी लागेल, पण धार गळणार नाही. चार-पाच दिवसांत ढीग आत तापतो. त्या उष्णतेने तणाचे बी व माशांच्या अळ्या मरतात. दोन-तीन आठवड्यांनी व पुन्हा महिन्याने ढीग उलथावा, बाहेरचे आत व आतले बाहेर करावे. तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत व दुर्गंधीरहित खत तयार होते. कार्तिकात लावलेला ढीग फाल्गुनात तयार, आणि मृगाच्या पेरणीपूर्वी शेतात, असा हा क्रम बसतो.

८. रोगांपासून सावधगिरी

ओले काड गोठ्याच्या मागे नुसते फेकून ठेवणे फार वाईट. गुरांचे रक्त पिणारी गोठ्यातील माशी शेण-मुताने भिजलेल्या, कुजत्या काडातच अंडी घालते, व उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नव्या माशा बाहेर येतात. आठवड्याच्या आत ते काड तापत्या ढिगात गेले तर ही पिढीच खुंटते. २०२२ सालच्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या शरदात महाराष्ट्रात लंपी चर्मरोगाची साथ आली तेव्हा किती घरांतील बैल व गाई गेल्या, हे वाचकांस स्मरत असेल. चावणाऱ्या माशा, डास व गोचिडी ह्या त्या रोगाचे वाहक आहेत. लस टोचून घेणे हा मुख्य उपाय होय. परंतु कोरडा गोठा हा त्या लशीचा सोबती आहे.

अंथरूण काढणाऱ्या माणसाचीही काळजी घेतली पाहिजे. हे काम बहुधा घरातील स्त्रिया व मुले अनवाणी करतात. उंदीर व गुरे ह्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप माणसास होतो, आणि त्याचे जंतू पायाच्या भेगांतून व जखमांतून आत शिरतात. कोकणात पावसाळ्यात व त्यानंतर ह्या तापाचे रोगी आढळतात. म्हणून ओले काड काढताना पायांत गमबूट किंवा निदान बंद पायताण असावे, जखम झाकलेली असावी, व काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावे. ताप आला व अंग फार दुखू लागले, तर आपण गोठ्यात काम करतो हे डॉक्टरास आवर्जून सांगावे. गाय अवेळी गाभडली, तर तिच्या खालचे सर्व काड, वार व मृत गर्भ ह्यांस उघड्या हाताने शिवू नये; ते चुना घालून खोल पुरावे व पशुवैद्यास कळवावे. त्या रोगाचे जंतू माणसासही बाधतात.

शेवटी अग्नीविषयी. अंथरुणासाठी साठवलेल्या काडाची गंजी घरापासून व गोठ्यापासून दूर रचावी. दिवाळीच्या पणत्या, फटाके व गोठ्यात ओढलेली विडी ह्यांनी दावणीला बांधलेली जनावरे होरपळून जातात, कारण त्यांस सुटून पळता येत नाही. ओले काडही गंजीत घालू नये. ते आतून तापते, बुरसते व कधी आपोआप पेट घेते.

९. कोणी करावे

वरील कामास रोज अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही, परंतु तो अर्धा तास कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक घराने विचारावा. पुष्कळ घरी शेण काढणे हे सुनेचे काम मानतात, व बैलांची शोभा मात्र पुरुष पाहतो. ज्याने बैलाकडून दिवसभर काम घेतले त्याने सायंकाळी त्याच्या खाली काड पसरावे, ह्यात त्याचा कमीपणा नाही. उपदेशकबंधूंनी हा पाठ केवळ वाचून दाखवू नये. गावातील एका घराचा गोठा सर्वांनी मिळून एका सकाळी खणून, ठोकून, अंथरूण घालून तयार करावा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा सर्वांनी तो पाहावा. शंभर शब्दांनी जे पटत नाही ते एका कोरड्या गोठ्याने पटते. तो गोठा गावातील सर्वांत गरीब घराचा असावा अशी आमची विनंती आहे, कारण पाटलाच्या गोठ्यात हे जमले तर लोक म्हणतील, “त्यास काय, त्याच्याकडे गडी आहेत.”

मंडळीत विचारण्याचे प्रश्न

१. आपल्याकडे अंथरुणाचे मुख्य काम कोणते, थंडी वारणे की ओल शोषणे? कारण सांगा.
२. शरदऋतूत आडोसा कोणत्या बाजूस हवा, व वरचा भाग उघडा का ठेवावा?
३. आपल्या गावात चाऱ्यास निरुपयोगी, परंतु अंथरुणास उपयोगी असे काय काय मिळते? त्यातील किती दरवर्षी जाळले जाते?
४. धार काढल्यावर गाईस वैरण का टाकावी?
५. आपल्या घरच्या जनावरांचा मुताचा हिशेब वरील रीतीने करून आणा.
६. राख गोठ्यात का टाकू नये?
७. आज सायंकाळी आपल्या गोठ्यात गुडघे टेकून पंचवीसपर्यंत मोजा, व काय आढळले ते पुढील सभेत सांगा.